दादांचा गुरुवार

बायकोचा, शर्मिलाचा, फोन मी दोनदा कापला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात सकाळची मीटिंग चालू होती आणि समोर परदेशातले लोक पडद्यावर बसलेले होते. तिसऱ्या वेळी तिने फोन केलाच नाही, दोन शब्दांचा मेसेज टाकला. ‘दादा गेले.’ मी तो वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तोंडातलं वाक्य पूर्ण केलं. मग उठलो. हे मी आज सहा आठवड्यांनी लिहितो आहे, आणि त्या दिवसातलं सगळ्यात ठळक काय आठवतं, तर ते पूर्ण केलेलं वाक्य.

आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. त्यांचं नाव शांतवन. नगर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर मिशनचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना होता, तिथे त्यांनी सारी नोकरी ड्रेसर म्हणून केली. म्हणजे जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं. रोज सकाळी उपासना झाली की पांढरा एप्रन घालून ते वॉर्डात जात आणि दुपारपर्यंत लोकांचे पाय हातात घेऊन बसत. आई गेल्यावर ते आमच्याकडे बंगळुरूला आले. मारतहळ्ळीत, सहाव्या मजल्यावर, दोन वर्षांहून थोडे जास्त दिवस राहिले आणि त्या दिवशी सकाळी हॉलमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शर्मिला घरूनच काम करते. ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलली होती, एवढंच.

त्या दिवशी निघताना मी त्यांना शेवटचं पाहिलं. रोज सकाळी सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं प्रार्थना करायची ही आमच्या घरातली लहानपणापासूनची रीत. बंगळुरूला आल्यावर दादांनी ती आपणहून पुन्हा सुरू केली होती. मांडीवर पवित्र शास्त्र उघडून ते माझी वाट बघत बसत. त्या दिवशी माझ्या कानात हेडफोन होते. त्यांनी वर पाहिलं. मी एक बोट वर केलं... एक मिनिट, असं. मग तसाच बोलत बोलत बूट घातले आणि बाहेर पडलो. लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं, पण परत गेलो नाही. तसं पाहिलं तर त्या महिन्यात मी किती वेळा ते बोट वर केलं होतं ते मला सांगता येणार नाही.

मला लहानपणी त्यांच्या कामाची लाज वाटायची, हे आधी सांगून टाकतो. गावातल्या शाळेत मुलं माझ्याशेजारी बसायला बिचकत. एकदा मी डबा विसरलो म्हणून दादा तो घेऊन एप्रनवरच शाळेच्या फाटकाशी आले. ‘कोण रे ते?’ असं एकाने विचारलं, तेव्हा मी ‘दवाखान्यातला माणूस’ असं म्हणालो. दादांनी ते ऐकलं असावं, कारण त्यांनी मला हाक मारली नाही. डबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवला, माझ्याकडे बघून हसले आणि वळून गेले. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि नऊ वर्षांच्या मुलाला माफी मिळू शकते. पण मी सत्तेचाळिसाव्या वर्षीही तेच केलं.

आमच्या इमारतीत साफसफाईला येणाऱ्या बायकांमध्ये मुनियम्मा नावाची पन्नाशीची एक बाई होती. मी तिला वर्षानुवर्षं लिफ्टजवळ पोछा मारताना बघत आलो होतो, पण तिचं नाव मला दादांकडून कळलं. त्यांना आमच्याकडे येऊन चार-पाच महिने झाले होते. खाली फिरायला गेले असताना तिची चाल बघूनच त्यांनी ओळखलं की हिच्या पायाला काहीतरी झालंय आणि हिला ते पुरतं जाणवत नाहीये. तिला साखरेचा आजार होता. डाव्या तळव्याला जखम झाली होती, त्यावर चिंधी बांधून ती पाण्यात काम करत होती. दादांना कन्नड येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दादांनी शर्मिलाकडून गॉज, कापूस, कात्री मागवून घेतली, एका स्टीलच्या डब्यात भरली आणि फाटकाजवळच्या बाकावर मुनियम्माला बसवून तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला. सरकारी दवाखान्यात जाऊन साखर तपासून घे, गोळ्या चुकवू नकोस, हे तिला दुसऱ्या एका बाईकडून समजावून सांगितलं. एक दिवसाआड ड्रेसिंग चाले. ती त्यांना ताता म्हणायला लागली, म्हणजे आजोबा. दादा तिला अक्का म्हणत. जेवताना ते मला सांगत, ‘जखमेचा तळ लाल दिसायला लागला सुहास. चांगलं लक्षण आहे.’ मी जेवताना हे नको म्हणून सांगत असे. पण त्या दिवसांत आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग कुणीतरी फोटो काढला आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. म्हातारा माणूस, मांडीवर उघडी जखम, बाजूला पिवळी पडलेली पट्टी. येण्याजाण्याच्या वाटेवर हे काय चाललंय, मुलं खेळतात इथे, संसर्ग झाला तर जबाबदार कोण... तासाभरात साठ-सत्तर मेसेज. खाली मला माझ्या फ्लॅटच्या नंबराने हाक मारून विचारलेलं होतं. त्या शनिवारी सेक्रेटरींनी आम्हाला क्लबहाउसमध्ये बोलावलं.

दादांना वाटलं, त्यांना जखमेबद्दल विचारायचं आहे. मी त्यांना नीट काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी चर्चला घालायचा कोट घातला, केस विंचरले आणि एका वहीच्या पानावर तारखेवार लिहून आणलं. जखम केवढी होती, आता केवढी आहे, कोणत्या दिवशी काय दिसलं. कमिटीचे पाच-सहा लोक समोर बसले होते. त्यातला एक माझ्याच कंपनीत, माझ्या वरच्या हुद्द्यावर आहे. दादांनी ते पान उघडून टेबलावर ठेवलं. कुणी त्याकडे पाहिलं नाही. सेक्रेटरी सभ्यपणे बोलत होते, पण बोलत होते माझ्याशी. मी उठून उभा राहिलो आणि हिंदीत म्हणालो, “माफ कीजिए. इनकी उम्र हो गई है. अब इनको समझ में नहीं आता.”

दादांना हिंदी चांगलं येत होतं. ते मला ठाऊक होतं. त्यांना समजणार नाही म्हणून मी ते बोललो असतो तर निदान एक आडोसा राहिला असता. मी ते त्यांच्या शेजारी उभा राहून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोललो. माझ्या हाताखाली त्यांचा खांदा किंचित खाली गेला. त्यांनी ते पान घडी करून खिशात घातलं. वर आल्यावर म्हणाले, “तुझं घर आहे. तू म्हणशील तसं.” स्टीलचा डबा धुऊन, पुसून त्यांनी कपाटात ठेवला. दोन दिवसांनी मुनियम्मा बाकापाशी येऊन थांबलेली मी गाडीतून पाहिली. सिक्युरिटीवाला तिला हाताने जा म्हणत होता.

तिच्या जखमेचं पुढे काय झालं ते आम्हाला अडीच महिन्यांनी कळलं. ती कामावर यायची बंद झाली होती. दुसऱ्या बाईने दादांना सांगितलं की अक्काचा पाय घोट्यापासून काढला. साखर फार वाढली होती, पाय तसाही गेलाच असता, असं मला एका डॉक्टर मित्राने सांगितलं. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी बरेच दिवस राहिलो.  संध्याकाळी दादा एवढंच म्हणाले, “मला एकदा तिच्याकडे घेऊन चल. वर्तूरच्या पलीकडे राहते म्हणे.” मी म्हटलं, रविवारी जाऊ. तो रविवार गेला, पुढचाही गेला.

तिसऱ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये कुटुंबाचा विशेष रविवार होता. आम्ही जातो ते चर्च इंग्रजी आहे, मोठं आहे, पडदे आणि माइक आणि गिटार असलेलं. दादांना खरं तर जयनगरला महिन्यातून एकदा भरणारी मराठी उपासना आवडायची. चार-सहा कुटुंबं एका उसन्या हॉलमध्ये जमतात, टाळ-पेटीवर आपली गीतं गातात. तिथे मी त्यांना दोन वर्षांत दोनदा नेलं, कारण ट्रॅफिक. तर त्या रविवारी पाळकांनी मला आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. का, तर आजकाल म्हाताऱ्या वडिलांना घरी आणून सांभाळणारे थोडे, आणि मी त्यातला एक. मी तयारी केली. मी दादांवर बोललो. लोक ज्यांच्या सावलीलाही उभे राहत नसत त्यांचे पाय माझ्या वडिलांनी आयुष्यभर धुतले, असं म्हणालो. ज्या कामाची मला लहानपणी लाज वाटली त्याचा आज मला अभिमान आहे, असंही म्हणालो. आवाज एका जागी भरून आला, तो खोटा नव्हता, हेच सगळ्यात वाईट आहे. बायका डोळे पुसत होत्या. उपासना झाल्यावर लोक रांगेने येऊन दादांचे हात हातात घेत होते. दादांना इंग्रजी बोलता येत नसे, पण परदेशी डॉक्टरांच्या हाताखाली उमेदीची वर्षं गेली असल्यामुळे समजत सगळं होतं. ते प्रत्येकाला मान लववत होते.

मग आम्ही घरी निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दादा म्हणाले, “चांगलं बोललास.” मग थोड्या वेळाने... “मुनियम्माकडे कधी जायचं?”

त्यात टोमणा नव्हता. दादांना टोमणा मारता येत नव्हता. ते फक्त विचारत होते. मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात नक्की.” मागे बसलेली शर्मिला खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन दिवसांनी ते एकटेच निघाले. मारतहळ्ळीच्या पुलाखालून बस पकडली, भलत्याच थांब्यावर उतरले आणि उन्हात फिरत राहिले. एका चहावाल्याने त्यांना बसवलं, त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा माझा नंबर बघून फोन केला. मी काम टाकून दीड तास गाडी हाणत पोचलो. दादा त्या टपरीच्या बाकावर तो स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. आणि मी, तिथल्या चार माणसांसमोर, लहान पोराला ओरडावं तसा ओरडलो. कुणाला न सांगता निघता, फोन नेत नाही, काही झालं असतं तर मी लोकांना काय तोंड दाखवलं असतं? चहावाल्याला मराठी समजत नव्हतं, पण त्याने मान खाली घातली. दादा उठले. म्हणाले, “चुकलं माझं. पुन्हा नाही जाणार एकटा.” सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. गाडीचं दार उघडून त्यांना आत बसवलं. तिथून मुनियम्माचं घर फार तर दहा मिनिटांवर असेल. मी गाडी घराकडे वळवली.

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, विसरले.

त्यांना आम्ही इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. गावी न्यायला हवं होतं, आईशेजारी, पण मंडळींनी, नातेवाइकांनी काही म्हटलं नाही आणि मीही सोयीचं तेच केलं. कबरेपाशी पाळक इंग्रजीत बोलले. वडिलांचा मान कसा राखावा हे या मुलाकडून आपण शिकलो, असं म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा तिथून निघून जावंसं वाटलं. जयनगरचे सात-आठ मराठी लोक आले होते, त्यांनी दादांच्या आवडीचं गीत म्हटलं. मला पहिल्या कडव्यापुढचे शब्द आठवेनात. मी नुसते ओठ हलवत उभा राहिलो.

दहाएक दिवसांनी शर्मिला माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “लक्ष्मीचा फोन आला होता. ताता दोन गुरुवार का आले नाहीत, विचारत होती.”

“कोण लक्ष्मी?”

“मुनियम्माची मुलगी.”

मग तिने सांगितलं. त्या बसच्या प्रकारानंतर गेले आठ महिने ती दर गुरुवारी दुपारी रिक्षाने दादांना तिकडे नेत होती. कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लक्ष्मीची सुट्टी गुरुवारी असते म्हणून गुरुवार. मी ऑफिसातून यायच्या आत दोघं परत येत.

“मला का नाही सांगितलंस?”

शर्मिलाने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “दादाच म्हणाले, सुहासला सांगू नकोस. त्याला त्रास होईल.”

माझ्या घरात, माझ्याच वडिलांचं मन राखायला माझ्या बायकोला माझ्यापासून लपवावं लागलं होतं.  

पुढच्या गुरुवारी मी रजा घेतली आणि आम्ही दोघं गेलो. पत्र्याच्या छपराची एक खोली, दारात पाण्याचा पिंप. मुनियम्मा भिंतीला टेकून बसली होती, डावा पाय घोट्यापाशी संपलेला. तिने मला लगेच ओळखलं. दादा गेल्याचं शर्मिलाने फोनवर सांगितलं होतं, तरी मला पाहिल्यावर तिचे डोळे भरले. “बन्नी सर, बन्नी,” म्हणजे या, या, असं म्हणत तिने लक्ष्मीला चटई टाकायला लावली. मग हात जोडून, कन्नड आणि हिंदी मिसळून ती मला म्हणाली, “आपने ताता को हर हफ्ते भेजा. ताता बोलते थे, मेरा बेटा भेजता है. उसको बहुत काम है, इसलिए खुद नहीं आता.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी लक्ष्मीकडे पाहिलं. तिनेही मान हलवली. हो, ताता दर वेळी तेच सांगायचे.

बापाचा मान राखायला मला सांगितलं होतं. माझा मान राखायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो त्यांनी कुठे राखला होता, तर जिचा पाय गेला होता तिच्यासमोर.

मी गप्प बसलो असतो तर तेही चालून गेलं असतं. तिथे मला खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. शर्मिला शेजारी बसली होती, ती काही बोलली नसती. पण मला ते घेऊन घरी जाता येईना. मी म्हणालो, “नहीं अक्का. मैंने नहीं भेजा. मैंने ही उनको रोका था. वहाँ... गेट पर. मैंने बंद करवाया.”

 मुनियम्मा हळूच म्हणाली, “गोत्तु सर.” इतक्या वर्षांत एवढं कन्नड मला येतं. माहीत आहे, असं ती म्हणत होती. ड्रेसिंग कुणाच्या सांगण्यावरून थांबलं ते तिला फाटकावरच कळलं होतं. आठ महिने दादा तिला ‘मुलगा पाठवतो’ असं सांगत राहिले आणि आठ महिने ती ते ऐकून घेत राहिली. दोघांपैकी कुणीच मला उघडं पाडलं नव्हतं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने लक्ष्मीला चहा ठेवायला सांगितला.

चहा झाल्यावर लक्ष्मीने हात धुतले. उजव्या पायालाही एक छोटी जखम होती, ती बरी होत आली होती. आता हा पाय जाऊ द्यायचा नाही, असं दादांनी दोघींना बजावलं होतं आणि लक्ष्मीला सगळं शिकवलं होतं. तिने आईचा पाय मांडीवर घेतला. मी पुढे सरकलो आणि टाच हातात धरली, तिला दोन्ही हात मोकळे मिळावेत म्हणून. तळवा थंड होता, खरखरीत होता. जन्मभर माझ्या वडिलांनी केलं ते मी पहिल्यांदाच करत होतो, तेही नुसतं धरण्यापुरतं. लक्ष्मीने जुनी पट्टी सोडवता सोडवता, सगळ्यात आतल्या घडीशी येऊन हात थांबवला आणि आईकडे बघून म्हणाली,

“दुखलं तर सांगा हं.”

मराठीत. थेट तसंच, ‘हं’ थोडा लांबवून. दवाखान्यात दादा प्रत्येक पेशंटला हेच म्हणत. वॉर्डातल्या लोकांच्या पायांना काही जाणवतच नसे, तरी म्हणत. लक्ष्मीला त्याचा अर्थ नेमका कळत होता की नाही, मी विचारलं नाही. तिला तो पट्टी सोडवण्याचाच एक भाग वाटत असावा, कात्री आणि कापसासारखा.

मुनियम्माने डोळे मिटून घेतले आणि भिंतीला डोकं टेकवलं.

“नाय दुखत,” ती म्हणाली.